डोरीनच्या हातची माशी

एडगर सन्टरने रेज आयव्हसनशी बोलणं टाकलं ते एका माशीपायी. खऱ्या नव्हे, गळावर रेशीम आणि पीस गुंडाळून केलेल्या, ट्राउट माशाला फसवायच्या खोट्या माशीपायी. यूर नदीच्या या खोऱ्यात जमिनीवरून भांडणं झाली आहेत, मेंढ्यांवरून झाली आहेत. चर्चच्या फाटकाला कोणता रंग द्यायचा यावरून दोन सख्ख्या भावांनी एकमेकांशेजारी पुरून घ्यायलाही नकार दिला होता. पण नखाएवढ्या माशीवरून जन्माची दोस्ती मोडायची, तीही सत्तरीच्या घरात, म्हणजे कमालच झाली. आणि तरी ते भांडण ज्यांनी पाहिलं त्यांच्यापैकी एकालाही हसू आलं नाही.

मार्च संपत आलेला, ट्राउटच्या मोसमाचा पहिला दिवस. पुलाजवळच्या पबमध्ये शेकोटीपाशी एडगर एकटाच बसला होता. त्याची बायको डोरीन फेब्रुवारीत गेली. थडग्यावरची माती अजून बसलीही नव्हती. रेज नदीवरून थेट आला, गुडघ्यापर्यंत भिजलेला, गाल लालबुंद. त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. टोपीच्या पट्टीत एक माशी खोचलेली होती. नारिंगी रेशीम, तित्तिराचं करडं पीस.

एडगरने ती पाहिली आणि हातातला पेला खाली ठेवला.

"ही कुठून आणलीस?"

"कुठून म्हणजे? डोरीनचीच की. पुस्तकातली."

"कापून काढलीस?"

"मग काय दातांनी काढू? सुरीनेच काढली. आणि ऐक तरी, पुलाखालच्या डोहात पहिल्याच फेकीला..."

"पुस्तकातली माशी कोणी पाण्यात घालतं का रे?" एडगर उभा राहिला होता. आयुष्यात कधी आवाज न चढवणारा माणूस. त्याचा आवाज चिरकला. "तुला लाज नाही वाटली? तिला कापून काढलंस तू!"

"मी माशी काढली, एडगर."

"तिला काढलंस! तिचं आता काय उरलंय माझ्याकडे? चालता हो. पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

रेजने टोपी उचलली, डोक्यावर घातली आणि बाहेर पडला. त्याचा भरलेला पेला तसाच राहिला. पबच्या मालकिणीने तो बराच वेळ उचलला नाही.

आता ही माशी आणि हे पुस्तक काय प्रकरण आहे, ते समजायला एडगर कोण ते समजायला हवं. रेल्वेच्या सिग्नलवाल्याचा हा मुलगा. शाळा सुटल्या सुटल्या गावच्या साप्ताहिकात छपाईचे खिळे जुळवायला लागला. अक्षरं उलटी वाचायची सवय झाली ती झालीच. मासेमारीचं सदर लिहिणारा म्हातारा वारला तेव्हा संपादकाने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "सन्टर, तुझ्या बुटांना कायम चिखल असतो. तूच लिही." झाला लेखक. असे लेखक होतात आमच्याकडे.

त्याच सदरात त्याने एकदा ठोकून दिलं की माशीला पीस भरगच्च हवं, निदान चार वेढे. छापून आलं त्याच दिवशी एक मुलगी कचेरीत शिरली. हार्डवेअरच्या दुकानात ती खिळे-स्क्रू विकायची आणि गल्ल्याशेजारी बापाने शिकवलेल्या माश्या.

"हे कोणी लिहिलंय?"

"मी."

"तुम्ही कधी मासा पकडलाय का?"

एडगर लाल झाला. म्हणाला, बरेच.

"मग ते आंधळे असणार बिचारे. दोन वेढे. दोनच! तिसरा घातला की माशी लग्नाला निघाल्यासारखी दिसते. बुडणाऱ्या जिवाला एवढं नटायला सुचतं का?"

पुढच्या आठवड्यात सदरात चुकीची दुरुस्ती आली आणि वर्ष उलटायच्या आत लग्नाची बातमी. डोरीन शेवटपर्यंत म्हणायची, मी नवरा नाही केला, एक छापील चूक सुधारून घरी आणली.

मूलबाळ झालं नाही. पुस्तकं झाली. पहिलं पुस्तक एडगरने लंडनच्या मोठ्या प्रकाशकाकडे पाठवलं, तर उत्तर आलं की लिखाण छान आहे, पण पाऊस कमी करा आणि मासे वाढवा. एडगर दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी डोरीन म्हणाली, "पाऊस कमी करायचा म्हणजे खोरं कुठलं दाखवायचं? आपणच छापू." साप्ताहिकाने तेव्हा नुकतेच शिशाचे खिळे भंगारात काढायला घेतले होते. एडगरने ते छपाईयंत्रासकट मागून घेतले. घरामागे एक लहानसं प्रार्थनाघर ओस पडलं होतं, तिथे ते यंत्र सुटं करून नेलं, रेजच्या मेंढ्यांच्या गाडीतून. त्या दिवशी रेजच्या पायाच्या अंगठ्यावर यंत्राचं चाक पडलं. पुढे कितीतरी वर्षं पाऊस यायच्या आधी तो अंगठा ठणकायचा आणि रेज म्हणायचा, "साहित्याची सेवा, दुसरं काय!"

रेज मेंढपाळ. एडगरच्याच वर्गातला, त्याच बाकावरचा. पुस्तक छापून झालं तेव्हा पहिली प्रत त्याला दिली. वाचून म्हणाला, "लेका, तुझ्या पुस्तकात पहिला मासा येईपर्यंत माझ्या तीन मेंढ्या व्यायल्या." पण मग त्याच पुस्तकातला डोहावरच्या धुक्याचा उतारा पबमध्ये तोंडपाठ म्हणून दाखवला. असा माणूस.

नंतर एडगरने दुसऱ्यांचीही पुस्तकं काढली. कोणीही छापणार नाही अशी. निवृत्त पोस्टमनचं, नदीच्या राखणदाराच्या विधवेचं, आयुष्यभर एकाच ओढ्यावर मासे धरणाऱ्या डॉक्टरचं. पैशाने घर वर आलं नाही, पण लांबलांबून माणसं यायची, ओल्या बुटांनी प्रार्थनाघरात उभी राहायची, आणि डोरीन त्यांना फळांचा केक आणि त्यावर चीजचा तुकडा द्यायची. खिळे एडगर जुळवायचा, मुद्रितं डोरीन तपासायची. प्रत्येक पुस्तकाच्या थोड्या खास प्रती निघायच्या. पुठ्ठ्याच्या आत खाच, खाचेत डोरीनने बांधलेल्या खऱ्या माश्या. ज्यांनी आधी नावं नोंदवली त्यांनाच त्या मिळायच्या. आणि अशा पुस्तकातली माशी कधी पाण्यात घालायची नाही, असा या शौकातल्या लोकांचा रिवाज. पुस्तक उघडायचं, बघायचं, उसासा टाकायचा, मिटायचं. डोरीनला हा रिवाज मुळीच पटायचा नाही. म्हणायची, "शिवून घेतलेला कोट कोणी कपाटातच ठेवतं का? वेडे सगळे."

शेवटचं पुस्तक खोऱ्यातल्या माश्यांवरचं. कुठल्या पाखराचं पीस, कुठल्या रंगाचं रेशीम, ते कसं जपायचं, सगळं. लिहिलं एडगरने, सांगितलं जवळजवळ सगळं डोरीनने. त्याच हिवाळ्यात तिच्या पोटातला आजार कळला. इस्पितळातल्या डॉक्टरांनी फार दिवस उरले नाहीत, असं सांगून टाकलं. घरी येऊन तिने खिडकीपाशी टेबल ओढलं, गळ पकडायचा छोटा शिकंजा बसवला आणि खास प्रतींच्या माश्या बांधायला घेतल्या. बोटं सुजायची, मधेच झोप लागायची, जागी झाली की तोच धागा पुढे. तित्तिराची कातडी दरवर्षीसारखी रेजने आणून दिली होती. बांधून कंटाळा आला की स्वयंपाकघरात जायची आणि मटणाचं कालवण, बटाट्याची पाई असलं काहीबाही करून डब्यांत भरून फ्रीजरमध्ये टाकायची. कारण नवऱ्याला अंडं उकडता येत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं!

पहिली खास प्रत बांधून झाली ती तिने स्वतः रेजच्या हातात दिली. आणि एडगरला म्हणाली, "बाकीच्या प्रती मोसम सुरू व्हायच्या आत पाठव हं. माश्या पाण्यासाठी असतात. तू त्यांच्यावर बसून राहशील, मला माहितेय तुझा स्वभाव."

"पाठवतो," एडगर म्हणाला.

नाही पाठवल्या.

पबमधल्या त्या भांडणानंतर तर नाहीच. पन्नासेक प्रती मागच्या खोलीत फडताळावर रचलेल्या, शेजारी डोरीनची पिसांची पेटी. नावं नोंदवलेल्या लोकांचे फोन यायचे. एडगर सांगायचा, बांधणीवाला आजारी आहे. मग सांगायचा, पुठ्ठा आला नाही. ज्याने उभ्या आयुष्यात कोणाला एक ओळ उशिरा दिली नाही, तो माणूस धडधडीत खोटं बोलत होता. लोकांना काय कळत नव्हतं? कळत होतं. सगळे म्हणायचे, सावकाश होऊ दे, मिस्टर सन्टर. रविवारी तो एक प्रत काढायचा, उघडायचा, खाचेतल्या माश्यांकडे बघत बसायचा. दोनच वेढे. मग मिटून ठेवायचा. जेवण म्हणाल तर पाव, चीज, डब्यातलं सूप. फ्रीजरला त्याने हात लावला नव्हता. त्यात डब्यांवर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या, "मटण", "कोंबडी", "सावकाश तापव". उघडलं तर एक डबा कमी होणार. कमी होत होत संपणार. म्हणून उघडायचंच नाही.

ऑक्टोबरात एका सकाळी दाराच्या कडीला तित्तिराची कातडी टांगलेली होती. सोलून, मीठ चोळून, सुतळीने बांधलेली, दरवर्षी डोरीनसाठी असायची तशीच. माणूस कोणी नव्हतं, निरोप नव्हता. एडगर ती हातात धरून उंबऱ्यावर बराच वेळ उभा राहिला. त्याला वाटलं, आत्ताच्या आत्ता टेकडी चढून जावं आणि म्हणावं, रेज, चल, झालं गेलं. पाय निघेना. त्या टोपीतली माशी डोळ्यांपुढे यायची. शेवटी त्याने कातडी नेऊन डोरीनच्या पेटीत ठेवली, तिच्या जागी, तिच्यासाठी आलेली म्हणून.

इथे चूक झाली. रानातून आलेलं कातडं तसंच पिसांत ठेवायचं नसतं. त्यात डोळ्यांना न दिसणारी अंडी असतात. आधी ते फ्रीजरमध्ये चांगलं गोठवायचं. डोरीन वाटाण्यांच्या पिशवीशेजारी ठेवायची आणि जेवताना एडगरने नाक मुरडलं की हसायची. हे एडगरला ठाऊक नव्हतं का? त्याने स्वतः लिहिलं होतं, स्वतः खिळे जुळवून छापलं होतं, त्याच पुस्तकात. पण त्यासाठी फ्रीजर उघडावा लागला असता.

हिवाळा गेला. कातडी आल्यापासून एडगर मागच्या खोलीकडे फिरकलाच नव्हता. पुढचा मोसम सुरू होता होता डॉक्टरांचा फोन आला, ओढ्यावरच्या पुस्तकवाल्या त्याच डॉक्टरांचा. नव्वदी गाठलेली, आवाज खोल गेलेला. "एडगर, मी घाई करत नाही. पण डोरीनच्या या शेवटच्या माश्या बघायला मला फार वेळ उरलेला नाही." एवढंच बोलले. एडगरने फोन ठेवला आणि स्वतःवरच ओरडला, "गाढवा! माणसं मरायला लागली आणि तू बसून राहिलायस!" त्याने कात्री, सुतळी, खाकी कागद काढला. मागच्या खोलीत जाऊन पहिली प्रत घेतली, उघडली.

खाचेत गळ होता. गळावर नारिंगी रेशीम होतं. पीस नव्हतं. तळाशी चिमूटभर करडी भुकटी.

त्याने दुसरी उघडली. तिसरी. मग बसलाच खाली जमिनीवर आणि एकामागून एक उघडत गेला. काहींत पिसाची बारीक काडी तेवढी उरली होती. डोरीनची पेटी उघडली तर आतून पिवळट पाकोळ्यांचा थवा उडाला. सगळीकडे कसर. पुस्तकं जशीच्या तशी होती. त्याचा एकूण एक शब्द शाबूत होता, स्वल्पविरामसुद्धा. तिच्या हातचं तेवढं गेलं होतं. एडगर त्या पसाऱ्यात बसून लहान पोरासारखा रडला. "पाठव म्हणाली होतीस," तो मोठ्याने म्हणत होता, "पाठव म्हणाली होतीस गं!" ऐकायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो टेकडी चढून रेजच्या गोठ्यात गेला. कोकरांचा हंगाम. रेज पेंढ्यात गुडघे टेकून एका मेंढीला मोकळं करत होता, हात कोपरापर्यंत आत. त्याने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा मेंढीकडे वळला.

"फाटक लावून घे. वारं येतंय."

एडगरने फाटक लावलं. रेजने ओलं कोकरू बाहेर ओढलं, नाक पुसलं, पेंढ्याने खसाखसा चोळलं, आईपुढे ठेवलं. मग म्हणाला, "मेलायस की काय तू? तोंड बघ तुझं."

"सगळ्या गेल्या, रेज."

"कोण गेल्या?"

"माश्या. कसर लागली. एक राहिली नाही."

रेज तसाच हात लोंबते ठेवून बसला. "कुठून लागली? डोरीन तर चिमटीतलं पीससुद्धा तपासून घ्यायची."

एडगरने त्याच्याकडे पाहिलं. दाराच्या कडीला टांगलेली ती कातडी डोळ्यांपुढे आली.

"जुनं घर," तो म्हणाला. "दमट. कुठूनही लागते."

रेजने टोपीला हात घातला. तीच टोपी. पट्टीतली माशी आता ओळखू येत नव्हती. रेशीम फिकट, पीस माशांच्या दातांनी चावून चावून अर्धं झालेलं. "तीन होत्या," तो म्हणाला. "एक मोठा ट्राउट तोंडात घेऊन गेला. एक पुलापाशी ॲशच्या झाडात अडकली. ही घे. जशी आहे तशी. काचेत ठेव, नाहीतर कशात."

एडगरच्या तळहातावर ती माशी आली. मोडकी, कळकट. पण होती. त्या शेवटच्या हिवाळ्यात डोरीनने बांधलेली, खोऱ्यात, जगात, एवढी एकच उरली होती, आणि ती या मेंढरांच्या वासाच्या टोपीने सांभाळली होती.

"गळाची काठी आहे का तुझी?" एडगरने विचारलं.

"वेडाबिडा झालास का? एवढी एकच उरलीय."

"काठी दे."

दोघे पुलाखाली उतरले. पाणी चहाच्या रंगाचं. एडगरने माशी दोरीला बांधली. गाठ रेजला ओढून घट्ट करावी लागली. पहिल्या फेकीला माशी दगडाजवळ उतरली आणि बुडताना ते उरलंसुरलं पीस उघडलं, मिटलं, उघडलं. जिवंत. चाळीस वर्षं तो हे बघत आला होता आणि खाचेत बघता बघता हेच विसरला होता. "हललं!" तो म्हणाला. "बघितलंस?"

"बघतोय," रेज म्हणाला.

तिसऱ्या की चौथ्या फेकीला मागून वारा आला आणि दोरी वर गेली ती ॲशच्या फांदीत. एडगरने ओढलं. हलकेच, मग जरा जोराने. दोरी तुटून मोकळी त्याच्या खांद्यावर पडली. वर पाण्याच्या मधोमध झुकलेल्या फांदीत नारिंगी ठिपका होता. हात पोचणार नाही, शिडी लागणार नाही.

"चढू?" रेजने विचारलं.

"त्या अंगठ्यानं?"

रेज हसायला गेला आणि हुंदकाच आला त्याला. दोघे म्हातारे काठावर वर बघत उभे राहिले. शेवटी एडगर म्हणाला, "गार पडतंय. जेवायला चल."

"तुझ्याकडे? काय, सूप?"

"चल तर."

घरी आल्यावर एडगरने कोट न काढताच फ्रीजर उघडला. वरचाच डबा काढला. "मटण. सावकाश तापव." त्याने सावकाश तापवलं, ढवळत राहिला. वास सुटला तसा रेजने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर घेतली. वाढताना एडगर म्हणाला, "सगळे डबे दोघांचे आहेत. तिला एकट्याचं करताच यायचं नाही."

रेज ताटाकडे बघत बसला. "मला सांगितलं होतं तिनं," तो म्हणाला. "पुस्तक दिलं ना, तेव्हा. म्हणाली, मोसम सुरू झाला की रोज जेवायला जात जा त्याच्याकडे, दोघांचं करून ठेवलंय. त्या दिवशी मी तेच सांगायला आलो होतो रे पबमध्ये. माशीचं आधी निघालं."

एडगरने चमचा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

"मीठ कमी आहे," थोड्या वेळाने रेज म्हणाला.

"कमीच घालायची," एडगर म्हणाला, आणि डोळे पुसत त्याने मिठाची बाटली त्याच्याकडे सरकवली. रेजने ती घेतली नाही. दोघांनी तसंच, ताट पुसून, सगळं खाल्लं.